बडोद्याचं 'मुलींचं कॉलेज' नेमकं कोणतं, आणि साल कुठलं धरायचं?

सूरसागर

इंदूरला कुणालाही विचारा, मुलींचं कॉलेज म्हणजे जीडीसी (गर्ल्स डिग्री कॉलेज). ग्वाल्हेरला केआरजी. बडोद्यात हाच प्रश्न टाकला की चार माणसं पाच उत्तरं देतात. मंडळाच्या स्मरणिकेत बडोद्यातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर आठ पानं द्यायची आहेत आणि गाडी पहिल्याच ओळीवर अडली आहे : सुरुवात कुठून?

उमेदवार असे :
१८८२ – शिक्षिका तयार करणारं फीमेल ट्रेनिंग कॉलेज.
१९१४ – महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय.
१९४९ – महाराजा सयाजीराव विद्यापीठ, आणि त्यातली होम सायन्सची शाखा.
शिवाय बडोदा कॉलेज. ते मुलींचं नव्हे, पण हंसाबेन मेहता तिथूनच १९१८ साली पदवीधर झाल्या.

मुखपृष्ठावर एकच साल छापायचं आहे. जाणकारांनी मत द्यावं, आणि कारणही.

फाफडा_विथ_कढी

१८८२. जितकं जुनं तितकी जाहिरात जास्त मिळते. पुढचा प्रश्न.

कोठीचा_जिना

फाफडासाहेब, त्या न्यायाने चांपानेरचा किल्लासुद्धा आपलाच.

१८८२ च्या नावात 'कॉलेज' आहे, एवढ्यावरून फसू नका. त्या काळी मुंबई इलाख्यात अध्यापक तयार करणाऱ्या वर्गांना सर्रास ट्रेनिंग कॉलेज म्हणत. प्रवेशाला मॅट्रिक लागत नसे, देशी भाषेतल्या चार-सहा इयत्ता पुरत. विद्यापीठाची पदवी तिथे मिळत नव्हती. म्हणून 'उच्च शिक्षण' या शब्दाखाली ते बसत नाही.

पण वगळूही नका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सक्तीचं प्राथमिक शिक्षण बडोदा राज्याने आधी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात करून पाहिलं, मग १९०६ मध्ये राज्यभर लागू केलं. मुलग्यांना ७ ते १२ वर्षं, मुलींना ७ ते १०. म्हणजे मुलीच्या वाट्याला जेमतेम तीन वर्षं. आता पेच बघा. मुलगी मोठी झाली की पालक पुरुष मास्तरासमोर बसवायला तयार नाहीत. म्हणून शिक्षिका पाहिजे. शिक्षिका व्हायला तीन वर्षांचं शिक्षण पुरत नाही. पुढे शिकायचं तर वरच्या वर्गाला शिकवायलाही बाईच पाहिजे. हे चक्र कुठून तरी फोडावं लागतं. ते त्या काळी दोन टोकांनी फोडलं जाई : विधवा, आणि मास्तरांच्या बायका. नवरा-बायको एकाच गावी नेमले की राहण्याचा प्रश्न मिटतो आणि गावही कुरकुर करत नाही. त्यात १९०४ चा बालविवाहाचा कायदा आला, मुलीच्या लग्नाचं किमान वय १२. आज ऐकून हसू येईल, पण शाळेच्या हजेरीपटात त्या वाढीव वर्षांना फार किंमत होती.

तेव्हा १८८२ ला 'पाया' म्हणा, 'स्थापना' म्हणू नका.

लष्करवाली

सूरसागर, ग्वाल्हेरचं उत्तर तुम्हाला वाटतं तेवढं सरळ नाही. ग्वाल्हेरच्या कंपू भागातलं कमलाराजा कन्या महाविद्यालय म्हणजे केआरजी, हे खरं. कमलाराजा या माधवराव शिंद्यांच्या कन्या. पण बाहेरगावचे लोक हमखास 'महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज' ऐकून ते मुलींचं समजतात. ते जुनं व्हिक्टोरिया कॉलेज, मुलं-मुली एकत्र. नाव राणीचं, वर्ग सगळ्यांचे.

लेखात तुलना करणार असाल तर संलग्नतेची साखळी नीट लावा, इथेच सगळ्यांची गल्लत होते. ग्वाल्हेर आणि इंदूरची कॉलेजं १९२७ पर्यंत अलाहाबादशी, मग आग्रा विद्यापीठाशी, १९५७ पासून उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाशी आणि १९६४ पासून आपापल्या गावच्या विद्यापीठाशी : ग्वाल्हेरचं जिवाजी, इंदूरचं इंदूर विद्यापीठ (१९८८ पासून देवी अहिल्या). त्यामुळे पणजी, आजी आणि आत्या एकाच आवारात शिकल्या असल्या तरी पदव्या आग्रा, विक्रम आणि जिवाजीच्या निघू शकतात. पदवीवर 'आग्रा' दिसलं की घरचे लोक 'आजी आग्र्याला शिकायला होती' असं बिनदिक्कत छापून देतात.

मोतीतबेला

लष्करवाली ताईंना अनुमोदन, आणि इंदूरची भर. आमच्याकडे महाराणी लक्ष्मीबाई नावाचं कॉलेज खरोखर मुलींचं आहे, किल्ला मैदानाकडे. दुसरं माता जिजाबाई, मोती तबेल्याला. दोन्ही सरकारी, दोन्ही जीडीसी, फक्त एक जुनी नि एक नवी. भोपाळलाही लक्ष्मीबाईंच्या नावाचं मुलींचं कॉलेज आहे. म्हणजे मध्य प्रदेशात नुसतं 'एमएलबी' लिहिलं तर तीन गावांतली तीन कॉलेजं होतात. लेखात प्रत्येक वेळी गाव आणि मोहल्ला लिहा.

फाफडा_विथ_कढी

बडोद्याला जुनं विद्यापीठ एकच, एकच गाव, एकच कमाटीबाग. आम्ही सुखी.

मोडी_मंडळी

सुखी नाही, फाफडासाहेब. तुमच्याकडचे घोळ विद्यापीठाचे नसून वर्षाचे आहेत. सालाचा वाद आहे म्हणून हे जरा लांबवतो.

पहिलं : बडोदा राज्याचं सरकारी वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. अहवालावर '१९१३-१४' असेल तर ऑगस्ट १९१३ ते जुलै १९१४. त्या अहवालात 'या वर्षी सुरू झालं' अशी ओळ सापडली म्हणून १९१४ लिहून मोकळं होऊ नका. ते डिसेंबर १९१३ सुद्धा असू शकतं. महिना सापडेपर्यंत जोडसालच ठेवा.

दुसरं : संवत. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, ग्वाल्हेर-इंदूरकडे चैत्रात. त्यामुळे चैत्र ते आश्विन या महिन्यांत दोन्हीकडच्या आकड्यांत एकाचा फरक पडतो. कोनशिलेवर 'वैशाख, संवत १९९४' असेल तर ग्वाल्हेरच्या हिशेबाने १९३७, बडोद्याच्या हिशेबाने १९३८. कार्तिक ते फाल्गुन मात्र दोघांचा आकडा एकच. गुजराती संवतातून कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६.

तिसरं : पक्ष. आपला आणि गुजरातचा महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. आपली वैशाख वद्य पंचमी ही तिकडची जेठ वदी पंचमी. शुद्ध पक्षात काही बिघडत नाही, वद्य पक्षात आख्खा महिना सरकतो.

चौथं : शक. मराठी घरच्या वह्यांत, लग्नपत्रिकांत शक असतो. चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवा, पुढे ७९.

कागदांचं म्हणाल तर खानगी (राजघराण्याच्या) खात्यातलं आणि जुन्या दप्तरातलं लिखाण मोडी मराठीत, शिक्षण खात्याचा बराचसा व्यवहार आणि आज्ञापत्रिका (राज्याचं गॅझेट) गुजरातीत, वार्षिक अहवाल इंग्रजीत. एकच हुकूम तिन्हींत भेटला तर आज्ञापत्रिकेची तारीख प्रमाण माना, ती प्रसिद्धीची असते. अहवाल नंतर बसून लिहिलेला असतो.

पेन्सिल

वाखु (वाचनखूण) साठवली. संवताचं गणित स्वतंत्र धाग्यात टाका की.

गायकवाडी_पागोटं

धागा फारच गंभीर झाला. पण एक सांगा, होम सायन्सला 'मुलींचं कॉलेज' म्हणायचं म्हणजे स्वयंपाक-शिवणकाम शिकवणाऱ्या शाखेला उच्च शिक्षणाचा मान द्यायचा का? मग १९१४ चं उद्योगालय काय वाईट? तिथेही हेच.

तराजू

पागोटेराव, हे वाक्य पन्नासच्या दशकापासून चालत आलेलं आहे. पोळी गोल लाटायला शिकवत नाहीत, पोळीचं वजन करायला शिकवतात.

आहारशास्त्राच्या प्रात्यक्षिकातलं अगदी पहिलं पाऊल घ्या : शंभर ग्रॅम भातात उष्मांक किती? कोष्टकातला आकडा कच्च्या तांदळाचा असतो, साधारण ३५०. शिजल्यावर तेच शंभर ग्रॅम अडीच-तीन पट होतात. ताटातला भात तोलून कोष्टकातला आकडा लावला की उत्तर जवळजवळ तिप्पट चुकतं. वर्तमानपत्री डाएटच्या सदरांत ही चूक अजून चालू आहे. दुसरी अडचण खाण्याजोग्या भागाची. एक किलो मटारच्या शेंगांतून दाणे निम्म्याच्या आसपास, केळ्याची साल जवळजवळ तिसरा हिस्सा. हिशेब दाण्यांचा आणि गराचा, बाजारातून आणलेल्या वजनाचा नव्हे.

मग येते प्रमाणित पाककृती. पाच जणांची आमटी शंभर जणांना करायची तर सगळं वीसपट करायचं? डाळ करा. पाणी केलंत तर आमटी पांचट होणार, कारण मोठ्या पातेल्यात द्रवाच्या मानाने वरचा पृष्ठभाग कमी, वाफ कमी जाते. तिखट-मीठही सरळ गुणाकाराने जात नाही. आधी दुप्पट, मग पाचपट, म्हणजे पंचवीस जणांचं करून प्रत्येक पायरीला शिजल्यावरचं एकूण वजन आणि एका वाढपाचं वजन लिहायचं. वसतिगृह, इस्पितळ, शाळेचं मध्यान्ह भोजन, सगळं यावर चालतं.

वस्त्रशास्त्रात १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा काटेकोर कापून तोलायचा, ग्रॅमला शंभराने गुणलं की चौरस मीटरचं वजन. सोपं वाटतं ना? बडोद्याच्या पावसाळ्यात तोच सुती तुकडा हवेतली ओल पिऊन जड भरतो. म्हणून आधी २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवून मग तोलायचा. रंग पक्का की कच्चा हे 'वाटतं' म्हणून चालत नाही, धुऊन करड्या छटांच्या प्रमाणित पट्टीशी ताडायचं आणि १ ते ५ मध्ये गुण द्यायचे, ५ म्हणजे रंग हललाच नाही.

उद्योगालयाचा हेतू वेगळा होता : बाईच्या हाताला काम आणि त्या कामाला दाम. तो हेतू कमी नव्हे, पण तिथे मापायचा तो माल. इथे मापायची ती पद्धत. दोन्ही एका रांगेत बसवू नका.

गायकवाडी_पागोटं

तराजू ताई, पांचट आमटीचं कारण आत्ता कळलं. मंडळाच्या आचाऱ्याला हा प्रतिसाद छापून देतो. पागोटं काढून ठेवलं आहे.

कोठीचा_जिना

तराजूंच्या मुद्द्याला एक राजकीय धागा जोडतो. हे विषय विद्यापीठात आणावेत ही मागणी आकाशातून पडली नाही. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन १९२७ मध्ये पुण्यात झालं, अध्यक्ष आपल्या महाराणी चिमणाबाई. त्याच परिषदेच्या प्रयत्नांतून १९३२ मध्ये दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज निघालं, गृहविज्ञानाचं. पुढे त्याच परिषदेचं अध्यक्षपद हंसाबेन मेहतांकडेही आलं, आणि १९४९ मध्ये त्या बडोद्याच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, १९५८ पर्यंत. होम सायन्सची शाखा त्यांच्याच कारकिर्दीतली. आज तिचं नाव कुटुंब व समाज विज्ञान असं काहीसं लांबलचक आहे, पण रिक्षावाला 'होम सायन्स'च समजतो.

रजिस्टर_नं_दोन

सालाचं भांडण चालू द्या. आठ पानांत 'किती मुली शिकल्या' हे येणारच, आणि तिथे पाय घसरणार.

मुलींच्या रजिस्टरात नाव बदलतं, आणि मराठी घरांत आडनावाबरोबर पहिलं नावही. मॅट्रिकच्या दाखल्यावर माहेरची कुसुम, इंटरला सासरची सुमती, पदवीच्या यादीत नवऱ्याच्या नावासह तिसराच अवतार. नुसत्या नावांनी मोजाल तर एका मुलीच्या तीन होतात, आणि पहिली 'कुसुम' शिक्षण सोडून गेली असं खोटं दिसतं. जुळवायचं असं : जन्मतारीख, मॅट्रिकचा बैठक क्रमांक आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याचा क्रमांक. तीनपैकी दोन जुळले तरच एक व्यक्ती धरा. जन्मतारीख एकटी पुरत नाही, कारण १ जून ही तारीख मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते आणि अर्धा वर्ग त्याच दिवशी जन्मलेला दिसतो. जी.आर. (जनरल रजिस्टर) नंबर शाळेपुरता असतो, शाळा बदलली की नवा.

दुसरं, 'प्रवेश' आणि 'पटावर' एक नव्हे. जूनचा आकडा फुगलेला, दिवाळीनंतरचा खरा. दोन वर्षांची तुलना करताना महिना तोच हवा.

तिसरं, शिक्षिकांच्या जुन्या याद्यांत नावापुढे 'जी.ए.' दिसेल. ती छपाईची चूक समजून 'बी.ए.' करू नका. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची ती पदवी, गृहीतागमा. वरची प्रदेयागमा, म्हणजे पी.ए. विद्यापीठ १९१६ चं, पण कायद्याने मान्यता मिळायला १९५१ उजाडलं. त्याआधीच्या जी.ए. बाईला सरकारी वेतनश्रेणीत पदवीधर धरलं की नाही हा मुद्दा फायलींत वारंवार भेटतो. यादीत जसं आहे तसंच छापा.

पेन्सिल

'गृहीतागमा' हा आयडी कुणी घेतला नसेल तर मी घेते.

लष्करवाली

पेन्सिल, आधी प्रदेयागमा होऊन दाखव.

रजिस्टर, एक अवांतर शंका. जुन्या सामूहिक छायाचित्रांवर नावं मागे लिहिलेली असतात, ती वाचताना डावं-उजवं कुणाचं धरायचं?

रजिस्टर_नं_दोन

बघणाऱ्याचं. पण मागच्या बाजूला लिहिताना काही जण फोटो उलटा धरून तसाच क्रम उतरवत, मग सगळी ओळ उलटी होते. मुख्याध्यापिका सहसा मधल्या खुर्चीत असतात. त्यांचं नाव यादीच्या मध्यावर येतं का बघा, पण तेवढ्याने उलटसुलट कळत नाही. त्यांच्या शेजारची एखादी ओळखीची व्यक्ती दुसऱ्या फोटोवरून पक्की करा, मग क्रम लागतो. तुम्ही लिहाल ते मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.

आणि हात जोडून सांगतो, फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. दहा-पंधरा वर्षांत डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो, पट्टी गळून पडते, डाग राहतो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत सुटत नाही. कोरड्या मऊ ब्रशने बांधणीकडून बाहेर झटका, आणि जाड वही पूर्ण सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना उशा देऊन निम्मी उघडूनच फोटो काढा. स्कॅनरवर दाबलीत की पाठ मोडलीच समजा. फाइलचं नाव 'इमेज ४७' असं ठेवू नका. वहीचं नाव, वर्ष, पान क्रमांक. कोरं पानसुद्धा घ्या, नाहीतर पुढे कुणी म्हणेल पान गहाळ केलं.

सूरसागर

सगळ्यांचे आभार. आठ पानांचा मजकूर सोळा पानांचा झाला. पण मुखपृष्ठ अजून कोरंच आहे. १८८२ पाया, १९१४ उद्योग, १९४९ विद्यापीठ. छापू काय? 'मुलींचं कॉलेज' म्हणून एकच दार बडोद्यात दाखवता येत नाही, हे आता मान्य.

मोडी_मंडळी

१९४९ छापणार असाल तर तारीखसुद्धा छापा : ३० एप्रिल. दुसऱ्या दिवशी, १ मे १९४९ ला बडोदा राज्य मुंबई राज्यात विलीन झालं. विद्यापीठ संस्थानाच्या शेवटच्या दिवसाचं आहे. त्यामुळेच शाखा वाढली त्या पहिल्या अकरा वर्षांत बडोदं मुंबई राज्यात होतं, १ मे १९६० ला गुजरातेत आलं. मंजुऱ्यांचे कागद फक्त गांधीनगरात शोधून 'काही मिळालं नाही' असं लिहू नका.

कोठीचा_जिना

माझं मत १९४९ ला, पण 'स्थापना' या शब्दाशिवाय. इंदूर-ग्वाल्हेरला मुलींसाठी वेगळी इमारत बांधली. बडोद्यात सगळ्यांच्या विद्यापीठाची किल्लीच एका बाईच्या हाती दिली आणि तिने आत एक शाखा उघडली. दोन वेगळे रस्ते आहेत, साल एका मापाने मोजता येणार नाही.

लष्करवाली

जिना, किल्लीचं ठीक. पण वेगळी इमारत होती म्हणून कंपूत कितीतरी घरांनी मुलींना पाठवलं, एकत्र वर्गात पाठवलं नसतं. हेही लेखात एक वाक्य हवं. नाहीतर बडोदेकरांचा नेहमीचा सूर लागेल.

सूरसागर

वाक्य घातलं, ताई. सूरही जरा खाली आणला आहे. मुखपृष्ठ : वर फक्त '१८८२ – १९४९', खाली 'बडोद्यातल्या मुली : पहिल्या शाळामास्तरणीपासून विद्यापीठापर्यंत'. आतल्या कालपटात बडोदा राज्याची सालं सरकारी अहवालाप्रमाणे जोडून, आणि महिना पक्का असेल तिथेच एकेरी.

फाफडा_विथ_कढी

म्हणजे जाहिरातवाल्यांना सदुसष्ट वर्षं सांगायची. चालेल. पण 'शाळामास्तरीण' की 'मास्तरणी'? यावर आता नवा धागा काढा.